पूर्वेकडचा उतार

सोनं शोधायला जाताना अंगावर सोनं ठेवायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. दगड फोडून पिशवीत भरताना अंगठी घासली गेली, तर तिचा डोळ्यांना न दिसणारा कणही प्रयोगशाळेत सापडतो आणि साध्या दगडात सोनं असल्याचा रिपोर्ट येतो. म्हणून फील्डवर जायच्या दिवशी मी मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, सगळं काढून स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे. मगच हातात हातोडा घ्यायचे.

हा नियम मला ज्यांनी घालून दिला त्यांनीच पुढे माझ्यावर आळ घेतला. मी त्यांना ऑफिसात सर म्हणायचे आणि मंडळात काका. ते मूळचे पुण्याचे. चाळीसएक वर्षं अमेरिकेत काढलेले, केस पांढरेशुभ्र, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात सतत दोन पेनं. फीनिक्सच्या आमच्या मराठी मंडळात त्यांना मोठा मान. मी नागपूरला भूशास्त्रात एमेस्सी केलेली, लग्नानंतर इकडे येऊन आणखी एक डिग्री घेतलेली, आणि कुठेच नोकरी मिळत नव्हती. काकांनी त्यांच्या कंपनीत लावून दिली. कंपनी म्हणजे तरी काय, एक मालक, एक ऑफिस, दोन जुन्या गाड्या आणि वाळवंटातली थोडी जागा, जिथे दगडात सोनं आहे की नाही हे बघायचा हक्क मालकाने घेतला होता. काका तिथले मुख्य भूशास्त्रज्ञ. मी त्यांच्या हाताखाली. माझा कामाचा व्हिसा या कंपनीला बांधलेला.

"तू मला मुलीसारखी आहेस," असं काका सगळ्यांसमोर म्हणायचे. मला बरं वाटायचं. ते वाक्य आता आठवलं की तोंड कडू होतं.

ती जागा फीनिक्सहून पश्चिमेला अडीच तासांवर होती. डांबरी रस्ता सोडला की तासभर खडबडीत वाट. पश्चिमेला एक लांबट बोडका डोंगर, त्याच्या पायथ्याशी उतरलेला दगडधोंड्यांचा ढिगारा, आणि पूर्वेला सपाट वाळू, तिच्यात कोरडे ओढे, निवडुंग, आणि पाऊस पडला की विचित्र उग्र वास येणारी काटक झुडपं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे खणलं होतं. गंजलेले डबे, एक कोसळलेला खड्डा आणि लाकडाचे चार खांब एवढंच मागे उरलं होतं.

काकांचा गुडघा दुखायचा. ते पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आले, गाडीजवळ टोपी घालून उभे राहिले, हाताने डोंगर दाखवून म्हणाले, "हे सगळं नकाशावर घे. सावकाश कर." त्यानंतर चार महिने मी एकटी जात होते.

त्या डोंगराची पोटातली गोष्ट मला हळूहळू कळत गेली. लोकांना वाटतं, सोनं म्हणजे पांढऱ्या गारगोटीत चमकणारी पिवळी रेघ. डोंगराच्या माथ्यावर तशी एक जाड पांढरी गारगोटीची शीर होती, दुरून दुधाच्या सांडलेल्या ओघळासारखी दिसायची. शंभर वर्षांपूर्वीचे लोकही तिलाच भुलले असावेत, कारण त्यांच्या हातोड्यांच्या खुणा तिथेच जास्त होत्या. मी तिचे तुकडे दहा ठिकाणांहून घेतले. प्रयोगशाळेने सांगितलं, काही नाही.

सोनं होतं ते पायथ्याशी, दिसायला अगदी घाणेरड्या दगडात. कधीकाळी तिथे जमिनीचा वरचा भला मोठा थर खालच्या थरावरून सरकत गेला होता. उभी भेग नाही, जवळजवळ आडवी. एका ताटावरून दुसरं ताट जरा तिरकं सरकवावं तसं. त्या सरकण्यात मधला खडक भरडला गेला, गव्हाच्या भरडीसारखा. मग खालून गरम पाणी वर आलं आणि त्या भरडीत लोह भरून गेलं. तो लोहाचा दगड काही ठिकाणी गंजासारखा लाल, आणि काही ठिकाणी काळा, चकचकीत, अभ्रकासारखे पापुद्रे असलेला. नखाने खरवडला की बोटाला लाल भुकटी लागायची. नागपूरला शिकताना आम्हाला भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीत नेलं होतं, तिथून परत आल्यावर दोन दिवस हात काळे राहिले होते. इथे चार महिने माझे हात लाल राहिले.

त्या लालात मधूनमधून निळसर हिरवे डाग होते. तांब्याचे. मोरपिसातला हिरवा काढून दगडावर पुसावा तसे. माझा अनुभव असा झाला की हिरवा डाग, काळी चमक आणि गारगोटीच्या केसाएवढ्या बारीक रेघा एकाच तुकड्यात दिसल्या की त्या पिशवीचा रिपोर्ट चांगला यायचा. सोनं डोळ्यांना कधीच दिसलं नाही. भिंगातूनही नाही. मला त्याची गरजही वाटली नाही. कोणत्या दगडाला कोणाची सोबत लागते हे समजलं की पुरतं.

आता सगळा प्रश्न होता तो या भरडीच्या थराचा उतार कुठल्या बाजूला आहे हा. थर पायथ्याशी जमिनीवर दिसतो, पण तिथून तो जमिनीखाली पश्चिमेला, म्हणजे डोंगराच्या पोटात जातो, की पूर्वेला, वाळूखाली? दोन्ही बाजूंना दिसायला तोच ग्रॅनाईट. ड्रिलिंग कुठे करायचं हे या एका उत्तरावर ठरणार होतं. थर जिकडे खाली जातो तिकडे छिद्र घेतलं तर तो सापडणार. उलट्या बाजूला कितीही खोल गेलं तरी सापडणार नाही, कारण तिथे तो कधीच झिजून गेलेला असतो.

ढिगाऱ्यातून थर फक्त तीन ठिकाणी डोकं वर काढत होता. मी कंपास लावून तिन्ही ठिकाणी मोजलं. तिन्ही ठिकाणी उतार पश्चिमेला, डोंगराकडे. तसं मी कच्च्या नकाशावर लिहिलं, रंगीत पेन्सिलींनी नकाशा रंगवला, आणि एका शुक्रवारी काकांच्या टेबलावर ठेवला. "कच्चा आहे सर," मी म्हटलं. "एक-दोन गोष्टी मला अजून तपासायच्या आहेत."

"छान झालाय," ते म्हणाले. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

मला खटकत होतं ते असं. तिन्ही जागा ढिगाऱ्याच्या आत होत्या. डोंगराचा कडा घसरतो तेव्हा त्याचे मोठाले तुकडे खाली येताना मागे, डोंगराच्या बाजूला कलंडतात. घरंगळलेला तुकडा घराएवढा असला तर तो मूळचाच खडक वाटतो. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी नवऱ्याला म्हटलं, चल. तो सॉफ्टवेअरचा माणूस, दगडांशी त्याचा संबंध नाही, पण गाडी चालवायला तयार झाला. आम्ही पोळी-भाजीचा डबा घेऊन गेलो. मी त्या तिन्ही तुकड्यांच्या बुडाशी हातोड्याने उकरलं. तिन्हींच्या खाली सुटी वाळू निघाली. तुकडे मुळाला चिकटलेले नव्हतेच. मग मी कोरड्या ओढ्यात उतरून दोनशे पावलं चालले आणि एका वळणावर, काठाच्या बुडाशी, झुडपाच्या मुळांमागे मला तो खरा पृष्ठभाग दिसला. आरशासारखा गुळगुळीत, लालसर, आणि त्यावर सरकण्याचे सरळ ओरखडे. बाजूला हिरवट चिकणमातीचा पट्टा. कंपास लावला. उतार पूर्वेला, अगदी मंद. वाळूखाली.

म्हणजे माझा नकाशा उलटा होता. मी वहीत पाच वेळा मोजून लिहिलं. नवरा सावलीत बसून विचारत होता, "झालं का?" मी हसत होते. चूक वेळेत सापडली याचा आनंद होता. सोमवारी सकाळी काकांना सांगायचं होतं.

सोमवारी मी पोचले तर मालकाच्या खोलीत मीटिंग सुरू झालेली. मालक सत्तरीचा, रस्ते बांधून झाल्यावर सोन्याच्या मागे लागलेला, उंच, कमी बोलणारा. शेजारी पैसे घालू पाहणारे दोन पाहुणे. भिंतीवर माझा नकाशा. खालच्या कोपऱ्यात काकांची सही.

मला वाटलं, समजण्यात काही घोटाळा झाला असेल. मी खुर्ची ओढून बसले. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, पायथ्याच्या नमुन्यांमध्ये सोनं इतकं चांगलं दिसतंय, यावर विश्वास कितपत ठेवायचा? मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात काका इंग्रजीत म्हणाले, "ते आकडे मी धरतच नाही. ते नमुने हिने घेतलेत. आमच्याकडच्या बायका झोपतानाही सोनं अंगावरून काढत नाहीत. गळ्यात, हातात, कानात, सगळीकडे. त्यातलं निम्मं सोनं तिच्या दागिन्यांचं असेल."

सगळे हसले. मालकही हसला.

"मी काढून ठेवते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "प्रत्येक वेळी. सरांना माहीत आहे."

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "राहू दे गं बाळ." आणि पुढे इंग्रजीत, "मी स्वतः जाऊन सगळे नमुने परत घेतो. नकाशा तर मी केलेलाच आहे."

त्यांना माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, त्यांनी ते बोलून दाखवलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी फील्डवरून परस्पर त्यांच्या घरी नकाशाचे कागद द्यायला गेले होते, तेव्हा काकूंनी माझा मोकळा गळा बघून तोंड वाकडं केलं होतं. "नवरा आहे ना गं?" म्हणाल्या होत्या. तेव्हा हेच काका सोफ्यावरून म्हणाले होते, "अगं, मीच सांगितलंय तिला. सॅम्पलिंगला सोनं चालत नाही."

माझ्या मांडीवर बॅग होती. बॅगेत शनिवारची वही. मी चेन उघडलेली होती, वही बाहेर काढायलाच. ती चेन मी लावून टाकली. हे मला स्पष्ट आठवतं, कारण त्या क्षणी मी काही ठरवलंय असं मला वाटलं नव्हतं. फक्त हात हलला.

शुक्रवारी मालकाने मला बोलावून सांगितलं की दोन भूशास्त्रज्ञ कंपनीला परवडत नाहीत, आणि सर म्हणतात की फील्डवर्क तुला झेपत नाही. महिनाभरात मी नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे काम करायची परवानगी नसलेली बाई झाले. काकांनी माझ्याच जागांवरून नमुने परत घेतले. आकडे तेच आले. ते आता त्यांचे झाले. इतर दोन कंपन्यांत मी चौकशी केली तर एकीने स्पष्टच विचारलं, "तुमचे सॅम्पल कंटॅमिनेट झाले होते ना?" हे छोटं जग आहे, बातमी पोचली होती.

"सोड ना यार," नवरा म्हणायचा. "दुसरं काहीतरी शिक. कोडिंग शिक."

मी सोडलं नाही. मी दिवसभर घरात भांडी घासत, कपड्यांच्या घड्या घालत त्या माणसाचा विचार करत असे. इतका विचार मी कुणाचाच केलेला नाही. शनिवारची वही मी पुस्तकांच्या कपाटात अगदी समोर ठेवली होती. नियमाने ती कंपनीला द्यायला हवी होती, मी कामावर असतानाचं मोजमाप होतं ते. नाही दिली. पोस्टाचं पाकीटही एकदा आणलं होतं. त्यातून मग विजेचं बिल पाठवलं.

दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळाने काकांचं व्याख्यान ठेवलं. वाळवंटातल्या सोन्याबद्दल, स्लाइड्ससकट. मालकालाही पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तो पहिल्या रांगेत चकलीची बशी घेऊन अवघडून बसला होता. नवरा म्हणाला, आपण नको जाऊया. मी पैठणी नेसले, सगळे दागिने घातले आणि दुसऱ्या रांगेत बसले.

स्लाइडवर माझा नकाशा आला. सही काकांची. पण उत्तर दिशेच्या बाणावर मी सवयीने छोटा ‘उ’ काढते, नागपूरच्या आमच्या सरांनी लावलेली सवय, तो ‘उ’ तसाच राहिलेला होता. कुणीतरी ओरडलं, "वा काका, नकाशासुद्धा मराठीत!" टाळ्या पडल्या. काकांनी नम्रपणे मान झुकवली.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मी उभी राहिले. इंग्रजीत विचारलं, मालकाला कळावं म्हणून.

"काका, त्या थराचा उतार कुठल्या बाजूला आहे?"

"पश्चिमेला. डोंगराच्या पोटात."

"तुम्ही स्वतः मोजलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसून बघत होते, भाचीने मामाकडे बघावं तशी.

"अर्थात," ते म्हणाले. "तीन ठिकाणी. कंपास लावून."

"थँक यू काका." मी खाली बसले.

त्यांना तेव्हा थांबवता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी ते वाक्य गिळलं आणि जेवायला जाऊन दोनदा श्रीखंड घेतलं.

थंडीत ड्रिलिंग सुरू झालं. डोंगराच्या अंगावर बुलडोझरने रस्ता काढला, मशीन वर चढवलं. मी महिन्यातून एकदा गाडी घेऊन एकटी जायचे. जागेवर नाही, खडबडीत वाटेवरच्या शेवटच्या टेकाडापाशी, जिथून डोंगर समोर दिसतो तिथे थांबायचे. दुपारच्या उन्हात गाडीत बसून धपाटे आणि दही खायचे आणि दुर्बिणीतून बघायचे. छिद्रातून निघालेला चुरा ते ओळीने छोट्या ढिगांत मांडतात, खोलीच्या क्रमाने. थर लागला असता तर कुठेतरी लाल ढीग दिसला असता. पहिल्या वेळी सगळे ढीग राखाडी. दुसऱ्या वेळी राखाडी. फेब्रुवारीत ओळी इतक्या लांब गेल्या होत्या की दुर्बीण फिरवावी लागली. शेवटपर्यंत राखाडी. मला इतकी भूक कधी लागायची नाही एरवी.

मार्चमध्ये मालक आमच्या अपार्टमेंटमध्ये आला. फोन न करता. मी चहा केला, तो त्याने औषधासारखा प्यायला.

"दिवाळीत तू उतार विचारलास," तो म्हणाला. "का विचारलास?"

"उत्तर मी सरांना देईन. त्यांना पाठवा. त्यांनी येऊन मला विचारायला हवं."

रविवारी काका आणि काकू आले. काकूंनी बेसनाचे लाडू आणले होते. काका खुर्चीच्या कडेवर बसले. शर्टाला इस्त्री होती, पण दिवाळीपासूनच्या चार महिन्यांत गाल आत गेले होते.

"तुला काही माहीत असेल तर सांग," ते म्हणाले.

"मला काही कसं माहीत असेल काका? मी तर दागिन्यांतलं सोनं दगडाला लावणारी बाई."

काकूंनी दोघांकडे बघितलं. "काय म्हणतेय ही?" त्यांनी विचारलं. तेव्हा मला कळलं की त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. मीटिंगमध्ये ते काय म्हणाले, शब्दशः. काकूंनी लाडवांच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"बुधवारी मालकाला घेऊन जागेवर या," मी काकांना म्हटलं. "कंपास तुमचा आणा."

बुधवारी आम्ही तिघं पायथ्याशी उभे होतो. ऊन चढायला लागलं होतं. मी त्यांना पहिल्या तुकड्याजवळ नेलं. "मोजा," म्हटलं.

"तू मोज ना. माझा गुडघा..."

"तुम्ही तीन ठिकाणी मोजलंय. चौथ्यांदा काय कठीण आहे?"

मालक हाताची घडी घालून बघत होता. काका दगडावर हात टेकून खाली बसले. कंपास उघडायला त्यांना वेळ लागला. त्यातला बुडबुडा मधोमध आणता येईना. मी मदत केली नाही. पाचएक मिनिटांनी म्हणाले, "पश्चिम."

"आता याच्या बुडाशी खणा."

त्यांनी हातोड्याने उकरलं. वाळू भसाभस बाहेर आली. हातोडा धरलेला हात तुकड्याखाली कोपरापर्यंत आत गेला. त्यांना तिथेच समजलं. चाळीस वर्षांचा अनुभव होता, न समजण्यासारखं काही नव्हतं. तरी मी त्यांना ओढ्यातून दोनशे पावलं चालवलं. त्या वळणावर झुडपाची मुळं बाजूला धरली आणि गुळगुळीत लाल पृष्ठभाग दाखवला. "इथे."

ते दोन्ही गुडघ्यांवर बसले. तोंडातून आवाज निघाला त्यांच्या. कंपास लावला.

"काय येतंय?" मालकाने विचारलं.

"पूर्व," काका म्हणाले.

"तू म्हणालास तू मोजलं होतंस."

काकांनी कंपास मिटला.

"नकाशा माझा आहे," मी मालकाला म्हटलं. "चूकही माझीच होती. ती मला शनिवारी सापडली. सोमवारी मी ती सांगायला आले होते, पण त्या दिवशी तुम्ही सगळे हसत होतात." मग काकांना मराठीत म्हटलं, "आता मंगळसूत्राचं सांगा. इंग्रजीत."

ते तसेच गुडघ्यांवर बसून बोलले. ही फील्डवर कधीच दागिने घालत नव्हती. मीच तसं सांगितलं होतं. मला ते माहीत होतं. तीन वाक्यं. मी त्यांना हात देऊन उठवलं नाही. त्यांनी मुळाला धरून स्वतःला वर ओढलं, आणि उठल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू? सगळा हिवाळा गप्प बसलीस. केवढं नुकसान केलंस लोकांचं."

"हो," मी म्हटलं.

मालकाचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं होतं तो काकांवर चिडेल. तो माझ्यावर चिडला. "तुला माहीत होतं? पूर्ण वेळ?"

"माहीत होतं. तुम्ही हसला होतात."

तो गाडीकडे निघून गेला. आम्ही तिघं एकाच गाडीतून परतलो. काका मागच्या सीटवर होते. आरशात मला त्यांच्या पँटचे लाल झालेले गुडघे दिसत होते, आणि मी पुन्हा पुन्हा आरशात बघत होते.

पंधरा दिवसांनी मालकाचा फोन आला. "मला तू आवडत नाहीस," तो म्हणाला. "पण तुझा कंपास बरोबर आहे." त्याने माझा कामाचा व्हिसा पुन्हा काढून दिला, आणि पूर्वेच्या वाळूत तीन छिद्रं घ्यायला लावली. तिन्हींत थर लागला. मी म्हटलं होतं साधारण त्याच खोलीवर चुरा राखाडीचा लाल झाला, मग काळा चमकदार, मधे हिरव्याची एक झाक. सोनंही निघालं. पण थर पातळ होता, पूर्वेला जावं तसा आणखी पातळ होणारा. खाण काढण्याइतकं तिथे काही नव्हतं. मालकाने वर्षाच्या आत जागा सोडून दिली. शेवटचा रिपोर्ट मी लिहिला. त्यावर एकच नाव आहे, आणि नकाशावर माझा ‘उ’ आहे.

मंडळात ही गोष्ट पसरली. मी पसरवली. प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक डोहाळजेवणाला कुणी ना कुणी विचारायचं आणि मी पहिल्यापासून सगळं सांगायचे, गुडघ्यांसकट. काही घरांतून मला बोलावणं बंद झालं. म्हाताऱ्या माणसाला असं वागवायचं का, म्हणून. काकांनी मंडळात येणं सोडलं. त्यांच्या व्याख्यानाची जाहिरात मंडळाच्या वेबसाइटवर होती, ती कुणीतरी काढली.

पुढच्या वर्षी, मी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत होते तेव्हा, नेवाडातल्या एका छोट्या कंपनीची ईमेल आली. काकांनी तिथे सल्लागार म्हणून अर्ज केला होता. आम्ही एकत्र काम केलंय असं कळलं, तुमचं मत काय, असं विचारलं होतं. उत्तर द्यायलाच हवं असं नव्हतं. मी दुपारच्या सुट्टीत बसून दोन ओळी लिहिल्या. नकाशे सुबक असतात. ते कुणी मोजलेत हे मात्र त्यांना जरूर विचारा. दोन्ही वाक्यं खरी होती. एकदा वाचून पाठवून दिली.

आठवड्याने काकूंचा फोन आला. आवाज शांत होता.

"तुझं समाधान झालं का गं?"

मी थोडा विचार केला. त्यांच्याशी खोटं बोलावंसं वाटलं नाही, त्यांनी माझं काही वाईट केलं नव्हतं.

"बरंचसं झालं, काकू."

"बरंचसं," त्या म्हणाल्या. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, काका कुठलीतरी मालिका बघत असावेत. मग काकूंनी फोन ठेवला.

नवरा म्हणतो, कधीतरी तुला याचं वाईट वाटेल. मी वाट बघितली आहे. मालकाचं वाटतं थोडं, तो म्हातारा होता आणि त्याला सोनं खरंच हवं होतं. काकूंचं जास्त वाटतं. काकांचं अजून वाटलेलं नाही.